दात घासूनही जंतू चिकटतात ते नेमके कशाला?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सहा वर्षांचा. सकाळी आणि रात्री दात घासतो, तरी खालच्या दोन दुधाच्या दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे कीड निघाली. त्यांच्या वाचनात आलं की जंतू दाताला थेट चिकटत नाहीत, दातावर बसलेल्या लाळेच्या थराला चिकटतात. म्हणून त्या विचारतात: हा थर खायचा सोडा आणि मीठ लावून रोज घासून काढला तर कीड थांबेल का? की मुलाची लाळच खराब आहे?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण तो थर काढायच्या मागे लागू नका. तो निघत नाही, आणि निघाला तर नुकसान तुमच्याच मुलाचं. थरावर जंतू येऊन बसणारच, ते कुणालाच टाळता येत नाही. खरा प्रश्न असा की येऊन बसलेला जंतू सहज निघणारा पाहुणा राहतो की घर बांधून मुक्काम ठोकतो. या दोन अवस्थांमधे काही तास जातात आणि तिथे साखरेची गरज लागते. आपल्या हातात जे आहे ते तिथेच आहे.

आधी थराबद्दल. त्याला पेलिकल म्हणतात. दात घासून, चूळ भरून तुम्ही ब्रश खाली ठेवता तोवर लाळेतली प्रथिनं दातावर बसायला सुरुवात झालेली असते. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं असतं आणि या खनिजांना लाळेतली काही प्रथिनं अक्षरशः ओढली जातात. स्टॅथेरिन, प्रोलिन भरपूर असलेली प्रथिनं, म्युसिन, पिष्ट फोडणारं अमायलेज, रोगप्रतिकारक आयजीए, सगळी तिथे जमतात. पहिला थर सेकंदांत ते मिनिटांत बसतो आणि तास-दोन तासांत बराच जाड होतो. जाड म्हणजे किती, तर साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला मात्र जाणवतो: स्वच्छ दातावर जीभ गुळगुळीत घसरते ती या थरामुळे.

हा थर तीन कामं करतो. दातावर दात घासला जातो तेव्हा तो वंगणासारखा मधे असतो. आम्लाला इनॅमलपर्यंत पोचायला तो उशीर लावतो. आणि लाळेत विरघळलेलं कॅल्शियम-फॉस्फेट तो दाताजवळ धरून ठेवतो, पण त्याचे खडे होऊ देत नाही. हे शेवटचं काम मुख्यतः स्टॅथेरिनचं. साध्या ब्रशने हा थर पूर्ण निघत नाही. दवाखान्यात प्युमिसची पूड लावून पॉलिश केलं तर निघतो, आणि पेशंट खुर्चीवरून उठेपर्यंत परत बसायला लागतो.

सोड्याबद्दल लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं सांगायला हवं. खायचा सोडा फारसा खरखरीत नसतो, तो एकटा इनॅमल खरवडत नाही. तोटा असा की पेस्टऐवजी सोडा वापरलात तर फ्लोराइड, म्हणजे पेस्टमधला दाताला किडीपासून वाचवणारा घटक, गेलं. जाड मीठ, कोळशाची पूड, राखुंडी, त्यात लिंबू, हे मात्र दातावर बारीक ओरखडे पाडतात. खडबडीत जागेत जंतूला गाल, जीभ आणि वाहती लाळ यांचा मार लागत नाही, तो आडोशाला सुरक्षित राहतो. फिलिंग करताना पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरपर्यंत (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली आणायचा प्रयत्न असतो तो याचसाठी. त्याहून खडबडीत राहिलं की किटण, म्हणजे दातावर साचणारा जंतूंचा चिकट लेप, वाढतं. म्हणजे थर काढायला म्हणून जे केलं, त्याने जंतूंना बसायला जागा करून दिली.

आता चिकटणं. हे एका झटक्यात होत नाही.

लाळेतून तरंगत आलेला जंतू दाताच्या अगदी जवळ येतो तेव्हा एक ओढ त्याला खेचते आणि एक विरोध ढकलतो. जंतूच्या अंगावर ऋण भार, पेलिकलवरही ऋण भार, म्हणून ढकलाढकल. लाळेतलं कॅल्शियम दोघांच्या मधे येऊन ती थोडी मिटवतं. या अवस्थेत तो नुसता टेकलेला असतो. जीभ फिरली, पाणी प्यायलं, सुटला. पण तेवढ्या वेळात जंतूच्या अंगावरची केसासारखी प्रथिनं पेलिकलमधल्या ओळखीच्या प्रथिनात अडकली, तर पकड बसते. कुलूप-किल्लीसारखीच गोष्ट: प्रत्येक जातीच्या जंतूकडे ठरावीक किल्ल्या, आणि पेलिकलमधे ठरावीक कुलपं.

पहिले येणारे असतात स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, ओरॅलिस, मायटिस आणि त्यांच्याबरोबर ॲक्टिनोमायसिस. हे सगळ्यांच्याच तोंडात असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्याच्यावर किडीचा सगळ्यात जास्त आरोप होतो तो स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, लंडनमधे जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. त्याच्या अंगावर पी-१ नावाचं लांब दांड्यासारखं प्रथिन असतं. ते पेलिकलमधल्या जीपी-३४० या लाळेच्या प्रथिनाला धरतं.

लाळ खराब आहे का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हेच जीपी-३४० लाळेत मोकळं तरंगत असताना म्युटन्सला पकडून त्याचे पुंजके करतं. पुंजका दातावर बसत नाही, घोटाबरोबर पोटात जातो आणि तिथे संपतो. तेच प्रथिन दातावर बसलं की जंतूला धरायला खुंटी होतं. प्रोलिनवाल्या प्रथिनांचंही असंच: मोकळी असताना त्यांची घडी मिटलेली असते, जंतूला धरायची जागा आत लपलेली, इनॅमलवर बसताना घडी थोडी उलगडते आणि ती जागा उघडी पडते. म्हणजे एकच लाळ राखणही करते आणि चिकटायला जागाही देते. एखाद्याच्या लाळेत हे प्रमाण थोडं इकडेतिकडे असू शकतं, घराण्यात येऊही शकतं, पण त्यावर घरी करण्यासारखं काही नाही. लाळ भरपूर वाहती असेल तर तिचं राखणीचं काम खुंटीच्या कामापेक्षा जड पडतं. लाळ आटलेल्या माणसाचे दात किती झपाट्याने किडतात, हे डोक्याला-मानेला रेडिएशन घेतलेल्या पेशंटमधे आम्हा डेंटिस्टना दिसतं. तेव्हा लाळेला नावं ठेवू नका.

पी-१ ची ही पकड तशी कच्ची असते. साखर नसलेल्या तोंडात म्युटन्स फार काही करू शकत नाही, सँग्विनिससारखे जंतू त्याला मागे टाकतात. सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, ते म्युटन्सला सोसत नाही. पकड पक्की होते ती उसाच्या साखरेने.

म्युटन्स आपल्या अंगातून ग्लुकोसिलट्रान्सफरेज नावाची एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारी प्रथिनं, बाहेर सोडतो. यांतलं सी प्रकारचं एन्झाइम थेट पेलिकलमधे जाऊन बसतं आणि बसल्यावरही काम करत राहतं. बी प्रकारचं जंतूंच्या अंगावर चिकटतं, स्वतःच्याच नाही तर शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंच्याही. मग तुम्ही मुलाला बिस्किट दिलंत. त्यातली उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. एन्झाइम ती जोडी फोडतं, फोडताना मोकळी झालेली ताकद वापरून ग्लुकोजची माळ ओवतं, आणि फ्रुक्टोज जंतू खाऊन त्याचं आम्ल करतो. या माळेला ग्लुकन म्हणतात. ती काही मिनिटांत तयार व्हायला लागते, दातावरच, जागच्या जागी. पाक घट्ट होताना बोटाला तार येते तशी कल्पना करा, फक्त ही तार पाण्यात विरघळत नाही. म्हणून साखर खाल्ल्यावर खळखळून चूळ भरली तर तोंडातली साखर जाते, पण आधी तयार झालेलं ग्लुकन जात नाही. ते निघतं ते ब्रश किंवा धागा दाताच्या अंगाला घासला गेला तरच.

ग्लुकनला धरायला म्युटन्सकडे वेगळी प्रथिनं असतात. आता तो एका खुंटीला लटकलेला नसतो, जाळ्यात सगळ्या बाजूंनी रुतलेला असतो. मागून येणारा दुसरा जंतू त्याच जाळ्यात अडकतो. आणि या जाळ्याच्या तळाशी जे आम्ल तयार होतं, त्याला शमवणारी लाळ तिथवर सहज पोचत नाही. चिकटणं आणि किडणं यांचा सांधा मला इथे दिसतो. नुसत्या चिकटलेल्या जंतूने दात किडत नाही. जाळ्याखाली आम्ल दाबून ठेवलं गेलं की किडतो.

म्हणून गूळ आरोग्याला चांगला, दातांना चालतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, एन्झाइमला रंग कळत नाही. चिक्की, गुळाची पोळी, राजगिऱ्याचा लाडू, पाकातले शंकरपाळे या सगळ्यांत सुक्रोज. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात, त्यांचं आम्ल होतं पण ग्लुकन जवळजवळ होत नाही. तरी चिकटपणामुळे तो दातावर रेंगाळतो, म्हणून झोपताना मधाचं बोट चाटवणं नकोच. पिष्ट आणि साखर एकत्र असलेले पदार्थ, म्हणजे गोड बिस्किटं, केक, टोस्ट, नुसत्या साखरेपेक्षाही त्रासदायक ठरू शकतात, कारण पेलिकलमधलं अमायलेज पिष्ट फोडतं आणि त्याचे तुकडेही या जाळ्यात ओवले जातात. नुसत्या दुधाचं तसं भय नाही. दुधातली साखर वेगळी, आणि त्यातलं केसिन हे प्रथिन पेलिकलमधे बसून उलट मदतच करतं. भय आहे ते त्या दुधात घातलेल्या दोन चमचे साखरेचं आणि चॉकलेटच्या पावडरीचं.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचं कारण असं. साखर तोंडात गेल्यावर किटणाच्या आतला पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) काही मिनिटांत ५.५ च्या खाली उतरतो. साधारण त्या पातळीला इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. परत वर यायला अर्धा तास ते एक तास लागतो. सकाळचं गोड दूध, शाळेच्या सुट्टीतलं बिस्किट, व्हॅनमधे गोळी, संध्याकाळी ज्यूस, झोपताना परत दूध: पाच वेळा, म्हणजे दिवसातले अडीच ते पाच तास दात आम्लात, आणि पाच वेळा नवं ग्लुकन. हेच गोड जेवणाच्या ताटात एकदाच खाल्लं तर एकदाच. स्वीडनमधे लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात नेमकं हे दिसलं: जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड थोडीच वाढली, दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी दिली तेव्हा खूप वाढली. ते प्रयोग मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय झाले, ही गोष्टही त्या निष्कर्षाबरोबर सांगितलीच पाहिजे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: थर सेकंदांत बसतो, त्याला हात लावायचा नाही. जंतू काही तासांत टेकतात, ते ब्रशने निघतात. साखर मिळाली की जाळं होतं, ते घासल्याशिवाय निघत नाही. आणि जिथे घासलंच जात नाही तिथे ते दिवसेंदिवस राहतं.

तुमच्या मुलाची कीड नेमकी अशाच जागी आहे. दोन दुधाच्या दाढा सपाट बाजूंनी एकमेकींना टेकतात, ब्रशचा केस त्या फटीत जात नाही. बाहेरून दाढ चकचकीत आणि मधे महिनोन्महिन्याचं किटण, असं होतं. मुलगा दात घासतो हे खरं आणि तिथे कधीच घासलं गेलं नाही हेही खरं. दुधाच्या दाढेचं इनॅमल पक्क्या दाढेच्या साधारण निम्मं, जेमतेम एक मिलिमीटर. त्यामुळे आत पोचायला वेळ लागत नाही.

उपाय तिथेच करायचा. फ्लॉस, म्हणजे दातांतून फिरवायचा धागा. लहान मुलासाठी धनुष्यासारखी मूठ असलेला मिळतो, तो सोपा. रात्री ब्रशच्या आधी. धागा फटीवर ठेवून करवतीसारखा हलकेच मागेपुढे करत खाली उतरवा. जोर लावून खटकन दाबलात तर हिरडी कापते आणि मुलगा दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. खाली गेल्यावर धागा पुढच्या दाढेच्या अंगाला टेकवून पाच-सहा वेळा वर-खाली घासा, मग मागच्या दाढेच्या अंगाला तसंच. नुसता आत घालून बाहेर काढला तर अन्नाचा कण निघतो, जाळं निघत नाही. प्रत्येक वेळी एकाच जागी धाग्याचे तंतू सुटत असतील तर तिथे खड्डा पडलेला असण्याची शक्यता जास्त. डेंटिस्टना ती जागा दाखवा.

ब्रश तुम्ही करायचा. आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते नेमकं वळण नसतं. त्याच्या मागे उभ्या राहा, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकवा, डाव्या हाताने ओठ उचला. दोन मिनिटं, मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेवर तिरपे. पेस्ट फ्लोराइडची, सहा वर्षांच्या मुलाला मटारच्या दाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढाच ठिपका. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची वरची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे आणि मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमधे त्याहून कमी असतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचा. ज्या मुलाला कीड निघाली आहे त्याला मी १००० च्या जवळची घ्यायला सांगतो. घासून झाल्यावर थुंकायचं, चुळा भरायच्या नाहीत; फ्लोराइड दातावर राहिलं तर उपयोग. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि रात्री जे दातावर राहतं ते सकाळपर्यंत राहतं.

इथे एक अट आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तुम्ही तिथे राहात असाल आणि घरातल्या मोठ्यांच्या दातांवर तपकिरी-पांढरे पट्टे असतील, तर पाणी तपासून घ्या आणि पेस्ट डेंटिस्टशी बोलून ठरवा.

माउथवॉशने हे सगळं उरकता येईल का, असं बरेच पालक विचारतात. माउथवॉशमधलं क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक पेलिकलला चिकटून राहतं आणि तासन्‌तास काम करतं, म्हणून ते ताकदीचं औषध आहे. पण जुन्या जाळ्यात ते खोलवर शिरत नाही, दातांवर डाग पाडतं, पेस्टमधल्या फेसाळ घटकाने निकामी होतं, म्हणून दोन्हींत अर्धा तास ठेवावा लागतो. आणि सहा वर्षांचं मूल ते गिळतं. तुमच्या मुलाला त्याची गरज नाही.

किडलेल्या दाढांचं काय करायचं हे एक्स-रेवर अवलंबून. सावली नुसत्या इनॅमलमधे असेल आणि वर खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइड वार्निश, म्हणजे डेंटिस्ट दातावर लावतात तो फ्लोराइडचा लेप, दर तीन ते सहा महिन्यांनी आणि रोजचा फ्लॉस, एवढ्यावर ती थांबू शकते. खड्डा पडला असेल तर त्यात ब्रश पोचत नाही, फिलिंग करूनच घ्या. "दुधाचीच दाढ आहे, पडणारच" म्हणून सोडू नका. या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि आधी काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा मोडते. मूल तोंडाने श्वास घेत असेल, ॲलर्जीचं औषध किंवा गोड सिरप रोज घेत असेल, तर ते डेंटिस्टना सांगा. तोंड कोरडं पडलं की हिशेब बदलतो.

आणखी एक जागा आजच बघा. खालच्या शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे नवी दाढ हिरडी फोडून येत असेल. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरी सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की आहे आणि आयुष्यभराची आहे. तिच्या वरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असतात आणि अर्धवट वर आलेली असताना ती इतर दाढांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. तोवर ब्रश गालाकडून आडवा घालून तेवढी एक दाढ वेगळी घासा. पूर्ण वर आली की खाचा सीलंटने, म्हणजे डेंटिस्ट खाचांत भरतात त्या पातळ लेपाने, बुजवून घ्या.

डेंटिस्टकडे जाल तेव्हा किटण रंगवणारं औषध एकदा लावून मागा. जिथे जाळं आहे तिथेच रंग धरतो, आणि दोन रंगांचं असेल तर जुनं किटण निळसर-जांभळं दिसतं. मुलाच्या हातात आरसा द्या, त्याला स्वतःला बघू दे. रंग दाढांच्या मधे आणि हिरडीच्या कडेला असेल, गालाकडच्या सपाट भागावर नसेल. दोन आठवडे फ्लॉस केल्यावर परत रंगवून घ्या आणि दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून बघा.